उत्तर ओठावर असताना

उद्योगातून समाजाकडे वळलेली माणसं इंग्लंडमधल्या रीडिंगला नवी नाहीत. हंटली अँड पामर्सची बिस्किटं जगभर पोचवणारे जॉर्ज पामर १८५७ मध्ये इथले महापौर झाले, पुढे खासदारही झाले. त्यांनी दिलेल्या जमिनीवर उभा राहिलेला पामर पार्क १८९१ मध्ये लोकांसाठी खुला झाला. आज थेम्स व्हॅली पार्क किंवा ग्रीन पार्क या कार्यालय-संकुलांतल्या कंपन्यांतून निवृत्त होणाऱ्या माणसाकडे गावाला द्यायला जमीन नसते. वेळ असतो, आणि व्यवहाराची जाण असते.

अशाच एका निवृत्त मराठी व्यवस्थापकाने छोट्या व्यावसायिकांना मार्गदर्शन करायचं ठरवलं. विनामोबदला. खरेदी, पुरवठा, वसुली यांत त्यांची हयात गेलेली. त्यांनी आकडा सांगायचा आणि हाताखालच्यांनी तो अमलात आणायचा, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. मार्गदर्शकाच्या हाती मात्र कसलाच अधिकार नसतो. धंदा दुसऱ्याचा, जोखीमही दुसऱ्याची.

लोअर अर्लीत राहणारी एक मुलगी घरून पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेऊ लागली होती. तिने विचारलं, "काका, एक पोळी कितीला विकू?"

उत्तर ओठावर होतं. त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली. "मागच्या ऑर्डरीला काय काय लागलं, ते लिही बघू."

तिने हरभऱ्याची डाळ, गूळ, कणीक, तूप, वेलची असं सगळं भराभर लिहिलं. गॅस आठवून लिहिला. "आणि पुरण शिजवायला, वाटायला, पोळ्या लाटायला गेलेला वेळ?" त्यांनी विचारलं.

"माझा वेळ कशाला धरायचा? मी घरीच तर असते."

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने तिनेच कायद्याने ठरलेलं तासाचं किमान वेतन फोनवर शोधलं आणि बेरीज पुन्हा मांडली. पोळीची किंमत बदलली; मुख्य म्हणजे ती कशी काढायची हे तिला उमगलं. आयता आकडा मिळाला असता तर पुढच्या पदार्थाला पुन्हा काकांनाच विचारावं लागलं असतं.

अर्थात, नियम सांगताना असा संयम कामाचा नाही. ते सरळ सांगावेत. घरून खाद्यपदार्थ विकायचे तर सुरुवातीच्या किमान २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी हवी. त्या नोंदणीला पैसे पडत नाहीत. लोअर अर्लीच्या पत्त्यात रीडिंग येतं, पण कारभार वोकिंगहॅमचा, म्हणून अर्ज तिकडे. करवर्षातली विक्री १,००० पौंडांच्या वर गेली की कर खात्याला कळवायचं. कणकेतला गहू आणि तुपातलं दूध हे दोन्ही अॅलर्जीचे घटक, ते गिऱ्हाइकाला सांगायलाच हवेत.

निवृत्तांचा असा अनुभव समाजाच्या कामी यावा म्हणून ब्रिटनमध्ये १९७९ साली 'रीच' ही संस्था निघाली. त्याआधी १९७६ मध्ये तेव्हाचे राजपुत्र चार्ल्स यांनी स्थापलेला प्रिन्सेस ट्रस्ट धडपडणाऱ्या तरुणांच्या पाठीशी उभा राहिला होता. तीच कल्पना १९९२ मध्ये लक्ष्मी वेंकटेशन यांनी भारतात नेली. त्यांच्या भारतीय युवा शक्ती ट्रस्टच्या पाठीशी जे. आर. डी. टाटा उभे राहिले, आणि पुण्यातही ते काम रुजलं. तिथे तरुणाला कर्जाइतकीच मार्गदर्शकाची सोबत महत्त्वाची मानतात, आणि ते योग्यच आहे. पहिला हप्ता थकला की बँकेचं पत्र येतं. त्या संध्याकाळी फोन करावा असं कुणीतरी असावं लागतं.

गणपतीच्या तोंडावर पुरणपोळीवाल्या मुलीने मोदकांच्या मोठ्या ऑर्डरींचा विषय काढला. एवढ्या ऑर्डरी यंदा घेऊ नयेत, असं काकांचं मत होतं. तिने विचारलं, तेव्हा त्यांनी ते कारणांसकट सांगितलं. तिने रात्रभर विचार करून ऑर्डरी घ्यायचं ठरवलं. मग दोघांनी बसून तांदळाची पिठी, नारळ आणि मदतीला येणाऱ्या मैत्रिणीची मजुरी यांचा हिशेब मांडला. मजुरीचा रकाना या वेळी तिने सगळ्यात आधी आखला होता.