डब्यामागे किती?

मराठी शिकवणाऱ्या माणसाने जुनी मोटार घ्यायला निघू नये. शब्दांवर विश्वास ठेवायची त्याला सवय असते, आणि जुन्या मोटारींच्या बाजारात वाच्यार्थ तेवढा कधीच खरा नसतो. गेली वीस वर्षे मी मुलांना अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकवीत आलो आहे. पण व्यंजना म्हणजे काय, हे मला कल्याणच्या एका मोटार-दलालाने अर्ध्या तासात समजावून दिले. ‘डॉक्टरांची गाडी आहे’ म्हणजे किंमत कमी होणार नाही. ‘फक्त टायर बदलून घ्या’ म्हणजे टायर सोडून बाकीचेही बदलावे लागेल. ‘अगदी घरच्यासारखी वापरली आहे’ हे मात्र खरे असावे. घरातल्या वस्तू आपण कशा वापरतो ते आठवून पाहावे!

आता या बाजारात मी गेलो कशाला, ते सांगायला हवे. मी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. सकाळी कल्याणला दोन तास, दुपारी ठाण्याला दोन तास. जितके तास तितके पैसे. सुट्टीत तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. दिवाळीची सुट्टी लागली की विद्यार्थ्यांना आनंद होतो, आणि मी वाण्याची वही उघडतो.

हा खड्डा गेली नऊ वर्षे आमची सौभाग्यवती भरून काढते आहे. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत ती फराळ करते. तिची गिऱ्हाइके बहुतेक ठाण्याची. नौपाड्यात एकीने चकली खाल्ली, तिने घोडबंदर रस्त्यावरच्या बहिणीला सांगितले, असा तो व्याप वाढला. माल जायचा लोकलच्या मालडब्यातून. बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली 16 एप्रिल 1853 रोजी, आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. त्या ऐतिहासिक लोहमार्गावर आमचे पंधरा किलोचे तेलाचे डबे चकल्या-कडबोळी पोटात घेऊन इमानाने प्रवास करीत होते. मागल्या दिवाळीत मात्र उतरताना रेटा आला, दोन डबे फलाटावर आपटले आणि चकल्यांचा चुरा झाला. तिने कोणाला काही न सांगता दोन रात्री जागून पुन्हा चकल्या केल्या. नंतर महिनाभर तिचा उजवा खांदा वर होत नव्हता. “ओझे उचलू नका,” असे डॉक्टरांनी बजावले. तेव्हा गाडी घ्यायचे ठरले. पैसे तिचे होते, साठवलेले अडीच लाख. अक्कल मी पुरवणार होतो.

मी रीतसर अभ्यास केला. वहीत रकाने आखले. कल्याणला एक वॅगनआर पाहिली, गॅसवर चालणारी. ती पाहायला जाताना पत्रीपुलाजवळ पाऊण तास गेला. जुना पूल 2018 साली पाडला, नवा 2021 साली झाला, वाहनांची रांग तेवढी जुनीच ठेवली आहे. पण गाडी पाहून मी शीण विसरलो. किलोभर गॅसवर पंचवीस किलोमीटर जाते, असे दलाल म्हणाला. गॅसचा किलो 80 रुपयांच्या आसपास. म्हणजे किलोमीटरला सव्वातीन रुपये. दुसरीकडे एका गृहस्थाची पेट्रोलवरची ईको होती. त्यांनी प्रामाणिकपणे लिटरला चौदा सांगितले. लिटर 100 च्या वर. म्हणजे किलोमीटरला जवळजवळ साडेसात. महिन्याला सहाशे किलोमीटर धरले तर अडीच हजारांचा फरक! मी खाली दोन रेघा मारल्या आणि रविवारी सौ.ला वॅगनआर दाखवायला नेले.

तिने इंजिन पाहिले नाही, रंग पाहिला नाही. सरळ मागे जाऊन दार वर उचलले. आत गॅसची टाकी ऐसपैस पहुडली होती. हवेच्या दोनशे पट दाबाने गॅस कोंबायचा, तर टाकी जाड पोलादाची हवी. ती आडवी ठेवली की सामानाची जागा संपली. दर तीन वर्षांनी तिची दाबचाचणी करून घ्यावी लागते, हेही मी उत्साहाने सांगितले.

“अहो, पण डबे कुठे ठेवायचे?”

“मागच्या सीटवर.”

तिने हाताच्या वितीने सीट मोजली. “आठ बसतील. नौपाड्याची एक खेप चोवीस डब्यांची असते.”

“मग तीन खेपा करू. गॅस स्वस्तच आहे!”

ती काही बोलली नाही. घरी आल्यावर माझी वही घेऊन बसली, आणि पिशव्यांवर नावे लिहायच्या पेन्सिलीने तिने एक हिशेब मांडला. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. वॅगनआरच्या तीन खेपा म्हणजे दीडशे किलोमीटर, 480 रुपये. ईकोची एकच खेप, 370 रुपये. डब्यामागे तिकडे वीस, इकडे साडेपंधरा. शिवाय शीळफाट्याची गर्दी तीनदा, गॅसची रांग वेगळी आणि तेवढा वेळ कढई बंद.

“तुम्ही किलोमीटरमागे किती ते काढलंत,” ती म्हणाली. “मला डब्यामागे किती ते हवंय.”

मी शेवटचा बाण काढला, “हे झालं दिवाळीपुरतं. उरलेले अकरा महिने?”

“उरलेले अकरा महिने या एका महिन्यावर चालतात ना!”

खरे तर त्या अकरा महिन्यांत मी कोणाला पाहिले होते? कॉलेजच्या फाटकातून मोटारीने आत शिरणाऱ्या मला! सहाशे किलोमीटरचा माझा आकडा आला होता तो तिथून. तीन रकान्यांच्या त्या वहीत तिच्या खांद्याला एकही रकाना नव्हता.

ईको पाहायला आम्ही ओळखीच्या मेस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी पहिल्यांदा सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला. “सर, उल्हास नदीला 2005 ला पूर आला, 2019 ला आला. बुडालेली गाडी वरून धुतात, पण पट्ट्याच्या टोकाचा चिखल कोणी धूत नाही.” पट्टा स्वच्छ निघाला. मग त्यांनी पायपुसण्याखालचा पत्रा पाहिला, चासीवरचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडला आणि पुस्तकावर बँकेचा बोजा उरलेला नाही ना, ते पाहायला सांगितले. असे वाच्यार्थाला धरून वाचन मी फार दिवसांनी पाहिले.

गाडी दारात आली. सौ. शिकून स्वतः चालवते. डबे चढवायला-उतरवायला शेजारचा एक मुलगा येतो. त्याची मजुरीही तिने डब्यामागे बसवली आहे. परवा वसुबारसेला ठाण्याची पहिली खेप निघाली. मागे चोवीस डबे नीट बसले. मी ऐटीत पुढचे दार उघडले, तर माझ्या जागेवर अनारशांचा डबा, वर पट्टा बांधलेला.

“अनारसे हो, दाबले की मोडतात,” ती म्हणाली. “तुमचा पास आहे ना?”

पास होता. मी नऊ सत्तावीसची लोकल पकडली.