लेकीची तिसरी भाषा

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. चुलीपाशी, भांडणात आणि लाडात दखनी. शाळेत, बाजारात आणि वाचनात मराठी. लेक दोन्हींत इतकी सहज वावरते, की एक कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हे तिला कळतही नाही. कळावे तरी कसे? दखनीतला 'नक्को' मराठीतूनच आलेला, आणि 'मैंच', 'येहीच' यांतला 'च'देखील मराठीचाच.

ती आठवीत गेली आणि शाळेने विचारले, संपूर्ण हिंदी घेणार की पन्नास गुणांची हिंदी व पन्नास गुणांचे संस्कृत? उर्दूची सोय त्या शाळेत नाही. प्रश्न एवढाच होता, पण घरात महिनाभर पुरला. कुवेतहून मामूंचा फोन आला, "अरबी शिकवा, पुढे नोकरीला कामी येईल." शेजारचे गुरुजी म्हणाले, संस्कृतला गुण चांगले पडतात. नात्यातल्या एका बुजुर्गांनी आम्हालाच विचारले, "मुसलमानाच्या पोरीला संस्कृत कशाला? आपली जबान उर्दू."

हा सवाल आम्हाला नवा नाही. बाहेरची मंडळी तोच उलट बाजूने विचारतात. "तुम्ही मराठी किती छान बोलता!" हे कौतुक आम्ही जन्मभर ऐकत आलो आहोत. बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते, पण काटा रुततोच. घरातली टीका काय आणि बाहेरचे कौतुक काय, दोन्हींचे मूळ एकच. भाषेला धर्म चिकटवला की असे होते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला तो मराठीत. फारशी-मराठी कोश रचला तो माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धनांनी. आणि आपल्या सोलापूरकडचे पंडित गुलाम दस्तगीर बिराजदार २०२१ साली वारले, ते आयुष्यभर संस्कृतची सेवा करून.

२०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून राज्यात गदारोळ झाला. एप्रिलमध्ये निघालेला निर्णय जूनअखेर मागे घ्यावा लागला. तिसरी भाषा कोणती, कोणत्या इयत्तेपासून, यावर पुष्कळ बोलले गेले. मूल मुळात घरी काय बोलते, हा प्रश्न मात्र आमच्या कानावर फारसा आला नाही.

आम्ही दोघांनी मग तेथूनच सुरुवात केली. लेकीला संस्कृत हवे होते. पाठांतर तिला आवडते, आणि पाठ्यपुस्तकातल्या जड मराठी शब्दांची उकल त्यातून होईल हे आम्हालाही पटले. शाळेत संस्कृत, हे ठरले. पण भाषा शाळेतच शिकावी असे थोडेच आहे? घरात एक पेटी होती आणि तिच्यातले काही आम्हाला वाचता येत नव्हते.

पेटी अम्मांची. तिच्यात त्यांचा निकाहनामा आणि हैदराबादच्या बहिणीची तीस-चाळीस पत्रे, सारी उर्दूत. बहीण आता हयात नाही. अम्मांच्या डोळ्यांना अक्षर दिसत नाही. आम्ही दोघेही मराठी शाळेत शिकलेलो. उर्दू कानाला कळते, पण डोळ्यांना नाही. अम्मांनंतर ती पत्रे म्हणजे नुसता पिवळा कागद उरला असता.

म्हणून घरी उर्दू. वाटले होते तितके अवघड गेले नाही. मकतबात कुरआन वाचायला शिकल्यामुळे बरीचशी अक्षरे लेकीच्या ओळखीची होती. पे, चे, टे, डाल, गाफ अशी थोडीच नवी शिकावी लागली. पण कुरआनात जेर, जबर, पेश दिलेले असतात, पत्रात ते कोण देतो? त्यांच्यावाचून 'इस' आणि 'उस' दिसायला सारखेच. त्यात बहिणीचे अक्षर घाईचे, तिरके, एकमेकांवर चढलेले. शिवाय 'ज'चा आवाज एक आणि अक्षरे चार: जाल, जे, ज्वाद, जोय. लेक वैतागते, "मेरेकू नक्को" म्हणून उठते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते.

आता रोज मगरिबनंतर दोघी पेटीपाशी बसतात. लेक अक्षरे जुळवते, अडते. अम्मा मागचापुढचा संदर्भ ऐकून शब्द पुरा करतात. एकीकडे डोळे, दुसरीकडे कान. एका पत्रात आमच्या लग्नातली बिर्याणी कच्ची राहिल्याची तक्रार निघाली, तेव्हा अम्मा कितीतरी वेळ हसत होत्या. मग एकाएकी गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "फिरसे पढ."

आजवर अकरा पत्रे वाचून झाली आहेत.