पारध : एक शब्द आणि त्यामागची माणसं

समानार्थी शब्दांच्या यादीत 'शिकार – पारध, मृगया' अशी ओळ असते. मुलं पाठ करतात, आपण बरोबरची खूण करतो आणि पुढे जातो. या ओळीवर जरा थांबा.

'शिकार' फारसीतून आला. 'मृगया' संस्कृत, राजेरजवाड्यांचा; शाकुंतलात दुष्यंत हरणामागे रथ दौडवतो, ती मृगया. यातला 'मृग' म्हणजे मुळात कुठलाही रानपशू. नाहीतर सिंहाला मृगेंद्र कशाला म्हटलं असतं?

'पारध' मात्र गावरान. संस्कृत 'पापर्द्धि', त्याचं प्राकृतात 'पारद्धि' आणि मराठीत पारध. पापर्द्धि म्हणजे पापाची वाढ! शिकारीबद्दलचं मत शब्दातच उतरलंय. कोकणात रानडुकरामागे गावानं मिळून निघायचं, त्याला आजही पारधच म्हणतात.

वापरात मुलं एका जागी हमखास गोंधळतात. 'राजा पारधीला गेला' म्हणजे शिकारीला गेला. शिकार करणारा तो पारधी, आणि त्याचं रूप होतं 'पारध्याला': 'पारध्याला हरीण दिसलं.' ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, व्याकरण आपोआप कळतं.

आता खरी अडचण. पारधी हा नुसता शब्दकोशातला शब्द नाही, ते एका समाजाचं नाव आहे. फासे लावून शिकार करणारे ते फासेपारधी. तितर, ससे, हरणं यांवर त्यांचं पोट होतं. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि त्याखाली पारध्यांवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला. 1952 मध्ये तो कायदा देशभरातून गेला, संशय काही गेला नाही. पुढे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आली. ती हवीच होती, पण पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदाही त्याबरोबर बुडाला. राजानं केली तर मृगया, पोटासाठी केली तर पाप, असं कसं चालेल?

म्हणून 'पारधी म्हणजे कोण?' असं विचारताना वर्गात कोण बसलंय ते बघा. या समाजातलं मूल असेल तर धडा त्याच्याकडे बोट दाखवणारा होऊ नये. आणि त्याला स्वतःहून वाटलं, तर तितराला साद कशी घालतात ते आजोबांना विचारून यायला सांगा.