कपाशीच्या दिवसांत गेवराईहून वेरूळ

शरद ऋतू म्हटला की दूरदेशीच्या छायाचित्रांतील लाल-पिवळी अरण्ये डोळ्यांसमोर येतात. आपल्या मराठवाड्यात या ऋतूचा रंग पांढरा आहे. कार्तिक लागला की गेवराईच्या शिवारात कपाशीची बोंडे फुटतात, तुरीवर पिवळा फुलोरा येतो आणि धुऊन निघालेल्या आकाशाखाली गोदावरीचे पात्र दूरवरून चकाकू लागते. या दिवसांत कापसाच्या गाड्या बाजाराकडे येताना आपण दररोज पाहतो. त्यांची प्रत आपल्याला हाताच्या स्पर्शाने कळते, भाव तोंडपाठ असतो. मात्र याच कापसाचे आणि सुताचे पुढे हाताने काय घडते, ते आपल्या मुलांनी क्वचितच पाहिलेले असते. दोन दिवसांची एक सहल त्यासाठी पुरेशी आहे. गेवराईहून पैठण, छत्रपती संभाजीनगर आणि वेरूळ असा हा मार्ग आहे. कारागिरांचे तीन मुक्काम आणि दोन सोप्या पायी फेऱ्या त्यात सहज बसतात.

व्यापारी कुटुंबाच्या सहलीतला पहिला प्रश्न ‘कुठे’ हा नसून ‘केव्हा’ हा असतो. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत दुकान सोडता येत नाही. तुळशीचे लग्न झाले की लगीनसराई सुरू होते आणि कापडाच्या व सराफीच्या पेढ्यांना पुन्हा उसंत नसते. लाभपंचमीला मुहूर्त करून पेढी उघडली की तेव्हापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे सात-आठ दिवस तेवढे मोकळे सापडतात. मुलांच्या शाळांनाही बहुधा सुट्टी असते, पाऊस गेलेला असतो, जलाशय भरलेला असतो. चातुर्मासात प्रवासाचा नियम घेतलेल्यांनी कार्तिकी पौर्णिमेनंतरचा एखादा शनिवार-रविवार निवडावा. वार ठरवताना एवढेच लक्षात ठेवावे की वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात.

दुसरी मर्यादा सूर्यास्ताची आहे. कार्तिकात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चौविहार पाळणाऱ्या घराने सायंभोजनाची वेळ आधी ठरवावी आणि मग मागे मागे येत बाकीच्या वेळा बसवाव्यात. ही अडचण मानण्याचे कारण नाही. या हिशेबाने आखलेली सहल आपोआप पहाटे सुरू होते आणि पहाटेचे चार तास हेच या ऋतूतले खरे वैभव आहे. उकळलेले पाणी, दशम्या, खाकरा, लिंबाचे गोड लोणचे आणि मुरमुरे एवढी शिदोरी बरोबर असली की वाटेतल्या उपाहारगृहांत कांदा-लसणाची चौकशी करीत बसावे लागत नाही.

सकाळी सहाच्या सुमारास गेवराई सोडावी. सोलापूर-धुळे महामार्गाने शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा मागे पडतो. पुढे पाचोडहून डावीकडे वळून पैठण गाठावे; एकूण अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे. पाचोडच्या परिसरात मोसंबीच्या बागा दिसू लागतात.

पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या माहितीपुस्तकात पैठणचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असे तो लिहितो. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून सुती कापड गाड्यांनी भडोचला जात असे. तेरहून पैठणकडे जाणारा माल आपल्याच मुलखातून गेला असणार. गेवराईच्या मुलाला हे सांगितले की कापसाच्या गाड्यांची रांग त्याला एकदम दोन हजार वर्षे जुनी वाटू लागते.

पैठणात प्रथम नाथसागराच्या काठी जावे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. धरणाची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब आहे. जलाशयाचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि कार्तिकात उत्तरेकडून पाहुणे पक्षी येऊ लागतात. चक्रवाकाच्या जोड्या बहुधा दिसतात. पुढे हिवाळ्यात रोहित पक्षीही येतात. काठाकाठाने तासभर सावकाश चालावे. मळलेली पायवाट सोडू नये. पावसाळ्यानंतरच्या गवतात अजून पुष्कळ जीव वावरत असतात.

मुनिसुव्रतनाथांच्या अतिशय क्षेत्रात दर्शन घेऊन दहाच्या सुमारास पैठणीच्या मागापाशी पोहोचावे. विक्रीच्या दालनात आधी शिरू नये. आधी माग पाहावा. पदरावरचा मोर किंवा असावलीची वेल विणताना प्रत्येक रंगासाठी धाग्याची वेगळी लहान कांडी असते. कारागीर ती एकेक कांडी बोटांनी उभ्या धाग्यांतून नेतो आणि शेजारच्या रंगात गुंतवतो. म्हणून खऱ्या हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. यंत्रावरच्या नकलेत मागच्या बाजूला सुटे किंवा कातरलेले धागे आढळतात. पदर उलटून पाहणे ही साधी परीक्षा घरातल्या प्रत्येक मुलीला शिकवावी. साध्या नक्षीच्या साडीला महिना लागतो. भरगच्च पदराच्या साडीला वर्षही लागते.

येथे आपल्या घरांत एक प्रश्न निघतो, आणि तो टाळू नये. रेशीम मिळवण्यासाठी कोश उकळले जातात आणि आतला जीव मरतो. अनेक घरांनी पूजेच्या वस्त्रांतून रेशीम काढून टाकले आहे. लग्नाच्या शालूत मात्र ते राहिले आहे. हा प्रश्न दूरचाही नाही. बीड जिल्ह्यात अलीकडच्या वर्षांत तुतीची लागवड वाढली आहे आणि गेवराई तालुक्यातील कित्येक शेतकरी कुटुंबांचा संसार कोशांवर चालतो. विणकराचे हात, शेतकऱ्याचे पोट आणि कोशातला जीव, या तिघांचा विचार एकाच वेळी करावा लागतो. आजी आणि नात यांचे उत्तर एकसारखे येईलच असे नाही. सुती अंगाची आणि पैठणी काठाची साडीही विणली जाते. ती मागून पाहावी. गिऱ्हाईक मागते तेव्हाच विणकर तसा ताणा लावतो, हे कापडाच्या व्यापाऱ्याला निराळे सांगायला नको.

जेवण करून दोनच्या सुमारास निघावे. छत्रपती संभाजीनगर सुमारे ५० किलोमीटरवर आहे. तेथे हिमरू पाहावे. सोन्या-चांदीच्या तारांचे किनखाब ज्यांना परवडत नसे, त्यांच्यासाठी सुती ताण्यावर रेशमी बाणा घालून हे कापड निघाले, असे मानतात. म्हणजे हिमरूतही रेशीम आहे, हे न घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. पाहायला मात्र काहीच आड येत नाही. हातमाग आता मोजके उरले आहेत. त्यामुळे पाहायला येणार असल्याचे आधी दूरध्वनी करून कळवावे आणि माग चालू असण्याची वेळ विचारावी. साडेपाचला भोजन उरकून मुक्काम करावा.

दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत वेरूळच्या रस्त्यावरील कागजीपुऱ्यात पोहोचावे. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या मधले हे लहानसे गाव आहे. मुहंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी देवगिरीला आणली, तेव्हा कागद करणारे कारागीर येथे आले, असे परंपरा सांगते. गावाचे नावच त्यांच्या व्यवसायावरून पडले. सुती चिंध्या भिजवून, कुटून त्यांचा लगदा करतात. हौदातल्या पाण्यात तो ढवळून चाळणीवर एकेक ताव उचलतात. मग ते दाबून पाणी काढतात, वाळवतात आणि घोटून गुळगुळीत करतात. शाई पसरू नये म्हणून हे घोटणे. आपल्या पूर्वजांच्या वह्या आणि भांडारांतल्या पोथ्या अशाच हातकागदावर लिहिलेल्या आहेत. ज्ञानपंचमीला ज्या घरांत पुस्तकांची पूजा होते, तेथील मुलांनी कागद जन्मताना एकदा अवश्य पाहावा. येथे ना झाड तोडले जाते, ना जीव जातो. गेवराईच्या शेतातला कापूस वस्त्र होऊन झिजल्यावर पुन्हा एकदा उपयोगी पडतो.

अकराच्या सुमारास वेरूळ गाठावे. लेण्यांची तोंडे पश्चिमेला असल्याने उन्हे दुपारनंतर आत येतात; त्यामुळे ही वेळ सोयीची आहे. १९८३ पासून जागतिक वारसा असलेल्या या ३४ लेण्यांपैकी ३० ते ३४ ही पाच जैन लेणी आहेत आणि ती उत्तरेच्या टोकाला आहेत. कैलास लेण्यापासून तेथपर्यंतचे दीड-दोन किलोमीटर पायी जावे. हीच दुसऱ्या दिवसाची पायी फेरी. वडीलधाऱ्यांसाठी वाहनाचा रस्ता आहे. ३२ व्या लेण्याला इंद्रसभा म्हणतात. हत्तीवर बसलेल्या यक्षाला लोकांनी इंद्र मानले आणि तेच नाव रूढ झाले. वरच्या मजल्यावरचे छतातले कमळ आणि आंब्याखालची अंबिका सावकाश पाहावी. लेण्यांवरच्या डोंगरात पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. तिच्यावरील शके ११५६ च्या, म्हणजे इसवी सन १२३४-३५ च्या लेखात ती करवणाऱ्या चक्रेश्वराचे नाव आहे. छिन्नी चालवणाऱ्याचे नाव मात्र त्यात नाही. ज्यांच्या गुडघ्यांना झेपेल त्यांनी वर चढून दर्शन घ्यावे.

दौलताबादचा किल्ला या फेरीत वगळावा. त्याच्या चढ-उतारात अर्धा दिवस जातो आणि मग कुठेच थांबणे होत नाही. तीनला वेरूळ सोडून कचनेरला चिंतामणी पार्श्वनाथांचे दर्शन घ्यावे. भोजनाचे आधी कळवले तर सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते. रात्री आठ-साडेआठपर्यंत गेवराई येते.

शेवटी एक सूचना. बरोबर एक कोरी वही न्यावी आणि सहलीची रोजकीर्द घरातल्या सर्वांत लहान लिहित्या मुलाकडे सोपवावी. वस्तू आणि किंमत या नेहमीच्या रकान्यांबरोबर तिसरा रकाना आखावा: करायला किती दिवस लागले. तो रकाना भरण्यासाठी मुलाला कारागिराशी बोलावे लागेल. साडीच्या किमतीला त्या दिवसांनी भागले की विणकराच्या वाट्याला दिवसाचे काय येत असेल याचा अंदाज त्याचा तो करील; त्यातून रेशीम, जर आणि मध्यस्थाचा नफा वजा करायला आपण शिकवू. घासाघीस ही आपल्या रक्तात आहे आणि ठोक मालाच्या सौद्यात ती शोभतेही. परंतु तो तिसरा रकाना भरल्यावर मागापाशी बसलेल्या माणसाला किती कमी करायला सांगावे, याचा निर्णय पुढच्या पिढीला अधिक नीट घेता येईल. घरात यंदा लग्न असेल तर निदान शंभर कुंकुमपत्रिकांचा कागद कागजीपुऱ्यातून घ्यावा. कौतुकाने कारागिराचा हौद भरलेला राहत नाही. वेळेवर दिलेली मागणी आणि रोख चुकती केलेली रक्कम यांनी तो राहतो, हे व्यापाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार?