तिसरी ओळ

अहो, हे ॲप मला आधी कुणी का नाही सांगितलं! टोकियोत निशी-कासाईला राहायला आल्यापासून फोनमध्ये भाषांतराची ॲप्स होतीच. आपलं वाक्य टाकायचं, जपानी अक्षरांची रांग समोरच्याला दाखवायची आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं. परवा शेजारच्या काकूंनी ‘व्हॉइसट्रा’ घालून दिलं आणि मी अक्षरशः वेडी झालेय!

यात तीन ओळी दिसतात. पहिली आपली, दुसरी जपानी आणि तिसरी, खरी गंमत हीच, त्या जपानीचं पुन्हा आपल्या भाषेत उलटं भाषांतर! आपलं म्हणणं पलीकडे काय होऊन पोचणार ते दाखवायच्या आधीच कळतं. मराठी यादीत नाही, म्हणून हिंदीवर भागवते. औषधाच्या दुकानात लिहिलं, ‘बुखार है, कौन सी दवा दूँ?’ तिसरी ओळ म्हणाली, ‘मुझे बुखार है’. अगंबाई! तापलीय ती माझी लेक! बोलताना आपण कर्ता खुशाल गाळतो, माणसं समजून घेतात; यंत्र बिचारं कुणाला तरी ताप चिकटवणारच. ‘मेरी चार साल की बेटी को’ घातलं, तिसरी ओळ जुळली, मग स्क्रीन काउंटरवरच्या बाईंकडे वळवली. त्यांनी हातातल्या गोळ्या परत ठेवल्या आणि मुलांचं सिरप काढलं.

हे ॲप एनआयसीटी या जपानच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेचं. 2010 पासून आहे, तेही फुकट! आणि ऐका तर, 2017 पासून त्याचंच एक भावंड अग्निशमन दलांना दिलंय, कारण इथे ॲम्ब्युलन्स त्यांचीच. त्यात रुग्णाला विचारायची नेहमीची वाक्यं आधीच भरून ठेवलेली. धावपळीत वाक्य रचत कोण बसणार?

तिसरी ओळ म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, बरं का. ती लिहितं यंत्रच, तेव्हा जाताना झालेली चूक येताना झाकलीही जाऊ शकते. म्हणून मी तुटक तुटक लिहिते. नवरा विचारतो, तार करतेस का? करू दे चेष्टा! समोरच्या भाषेतलं अक्षरही न कळणाऱ्या माणसाच्या हाती पडताळून बघायला काहीतरी दिलंय, मला तर अचूकतेच्या टक्केवारीपेक्षा हेच मोलाचं वाटतं. उद्या बालवाडीत पालकसभा आहे. सगळे प्रश्न आत्ताच तपासून ठेवलेत. ‘डब्यात अंडं नको’ एवढं नीट जुळेपर्यंत तर मी जेवायलाही उठले नाही.