लाखनीचे मैदान आणि वर्गणीची वही

भंडाऱ्याजवळ वैनगंगेचा पूल ओलांडून साकोलीच्या वाटेला लागले की महामार्गावर लाखनी येते. हा पूर्वीचा ६ क्रमांकाचा आणि आताचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. लाखनीला रेल्वे नाही. आगगाडीने येणाऱ्याने वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्थानकावर उतरून पुढे एस.टी. धरावी. उड्डाणपुलावरून धावणाऱ्या मोटारींना हे गाव नीट दिसतही नाही. ते पाहायचे तर खालच्या रस्त्याने यावे, आणि कार्तिक संपता संपता यावे.

चातुर्मास आटोपून साधू-साध्वींचे विहार सुरू होतात, त्याच सुमारास झाडीपट्टीत धानाची कापणी उरकते. बांध्यांतील पाणी आटते, गावोगावी मंडई भरते, रात्री दंडारी रंगतात. मोकळ्या झालेल्या जागेत मुले रेघा आखतात आणि कबड्डी सुरू होते. या खेळाला ना चेंडू लागतो, ना बॅट, ना बूट. दोन्हीकडे सात-सात गडी, मधली रेघ आणि छातीत दम, एवढे भांडवल पुरते. जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले तर परोपकारासाठी याहून योग्य खेळ सापडणे कठीण, कारण साहित्यावर खर्चच नसतो.

हा मुलूख शंकरपटाचाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. पटावर येथील माणसाचे प्रेम जुने आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु अहिंसेचे व्रत मानणाऱ्याचे मन तेथे रमत नाही. मुलांच्या चढाईत कोणाच्या पाठीला पराणी टोचत नाही.

गावच्या स्पर्धेचा पैसा उभा राहतो तो वर्गणीतून आणि संघांच्या प्रवेश शुल्कातून. शिवाय एखाद्या पोराने तिघांना बाद करून मधली रेघ गाठली की प्रेक्षकांतून कोणी नोट पुढे करतो आणि ध्वनिक्षेपकावरून त्याचे नाव पुकारले जाते. मंदिरातील बोलीची सवय असलेल्यांना हा उत्साह लगेच ओळखू येईल. मात्र जमेतला मोठा भाग मंडप, ध्वनिक्षेपक आणि चषक यांवर जातो. चषक तर दरवर्षी अधिकच उंच होत चालले आहेत! त्याच वहीत एखाद्या सवंगड्याच्या औषधासाठी किंवा शाळेच्या शुल्कासाठी एक रकाना आखला, तर औषधदान आणि ज्ञानदान दोन्ही मैदानावरच साधेल.

खेळातून असे काम उभे राहते, याचा दाखला याच महामार्गावर, नागपुरात आहे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली पावसात फुटक्या बादलीला लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहिली. त्यातून ‘स्लम सॉकर’ सुरू झाले. पुढे त्यावर ‘झुंड’ हा चित्रपटही निघाला. मुंबईत २००४ पासून भरणाऱ्या मॅरेथॉनमध्ये धावणारे आपापल्या परिचितांकडून निवडलेल्या संस्थेसाठी देणग्या गोळा करतात. तेथे देणारा आणि घेणारा एकमेकांना क्वचितच ओळखतात.

लाखनीसारख्या गावी तसे नाही. येथे मदत कोणाला मिळाली हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते, आणि खरी अडचण हीच आहे. दहा वर्षांच्या मुलाला व्यासपीठावर उभे करून पाकीट हाती देणे आणि छायाचित्र काढणे, हे त्याच्या सवंगड्यांसमोर त्याला कायमचे वेगळे पाडणे होय. उद्या त्याला त्यांच्याच विरुद्ध चढाई करायची असते. आपल्याकडे गुप्तदानाचा महिमा सांगितला जातो, पण त्यात देणाऱ्याचेच नाव झाकतात. येथे घेणाऱ्याचे झाकायला हवे. शुल्क थेट शाळेत भरावे, औषधाची रक्कम दुकानदाराला द्यावी, वहीत केवळ पावती क्रमांक नोंदवावा. देणाऱ्यांची नावे हवी तेवढ्या मोठ्याने पुकारावीत.

अंतिम सामने बहुधा दिव्यांच्या उजेडात, रात्री उशिरापर्यंत चालतात. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी आपली सोय आधीच करून ठेवावी, आणि अंगावर जाड शाल घ्यावी. थंडी येथे चांगलीच झोंबते.