साक्षीची बाटली

तळ्यातल्या प्राणिप्लवकांचे खाणे मोजण्याच्या कामात माझी कित्येक वर्षे गेली. परंतु ज्या जिवाचे खाणे मोजावयाचे, त्याला खाताना डोळ्यांनी पाहूनही ते मोजता येत नाही, ही या कामातली मूळ अडचण आणि माझ्या मते त्यातली खरी गोडीही. एकदोन मिलिमीटर लांबीची डॅफ्निया पायांच्या पाच जोड्या अखंड हलवीत पाणी कवचाच्या आत ओढून घेते, तिसऱ्या व चौथ्या जोडीवरील केसांच्या जाळीतून ते गाळते आणि हाती लागलेले शैवाल तोंडाकडे सारते. सूक्ष्मदर्शकाखाली तो सारा व्यापार दिसतो, तिच्या पारदर्शक देहातली आतड्याची हिरवी रेघही दिसते. किती खाल्ले, ते मात्र दिसत नाही. म्हणून पाण्यात काय उणे पडले, त्याचा हिशेब आम्हांला मांडावा लागतो.

त्यासाठी एकाच पाण्याने दोन बाटल्या भरावयाच्या, एकीत जीव मोजून सोडावयाचे आणि दुसरीत काहीच सोडावयाचे नाही. शैवाल तळाशी बसू नये म्हणून दोन्ही संथ फिरणाऱ्या चाकाला बांधावयाच्या आणि मुक्रर केलेल्या वेळी लुगॉलचे आयोडीन घालून पेशी आखीव काचपट्टीवर मोजावयाच्या. उदाहरणादाखल, अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 डॅफ्निया 6 तास राहिल्या आणि बिनजिवांच्या बाटलीत मिलिलिटरला 20,000 पेशी असताना त्यांच्या बाटलीत 16,000 उरल्या, तर एकेकीने तासाला सुमारे पाऊण मिलिलिटर पाणी गाळले असा जमाखर्च निघतो. तो साध्या वजाबाकीने निघत नाही, लॉगॅरिदमने काढावा लागतो. कारण अन्न जसजसे विरळ होत जाते, तसतसे तेवढ्याच गाळलेल्या पाण्यातून कमी शैवाल हाती येते.

आता त्या दुसऱ्या बाटलीविषयी, जिला प्रयोगशाळेत सगळे ‘कंट्रोल’ म्हणतात आणि मी मनाशी साक्षीची बाटली म्हणतो. उमेदवारीच्या काळात माझे सारे लक्ष जिवांच्या बाटलीवर असे, आणि एकदा चाक नादुरुस्त असल्याने दुसरी मी जागा मिळाली तिथे, खिडकीशी, ठेवून दिली. संध्याकाळी आकडे असे आले की माझ्या डॅफ्निया विलक्षण खादाड ठरल्या. सरांनी दप्तर चाळले आणि एवढेच विचारले, “दुसरी बाटली कुठं ठेवली होतीस?” उन्हात तिच्यातले शैवाल वाढले होते आणि ती वाढ मी जिवांच्या खात्यावर लिहिली होती. सबंध आठवड्याचे काम रद्द झाले. तेव्हापासून ती बाटली मी आधी भरतो आणि तिच्या जागेची खातरजमा दोनदा करतो. तरीही एक बाकी राहतेच, कारण जिवांच्या मलमूत्रातला नत्र व स्फुरद शैवालाचे खत होऊन त्यांच्याच बाटलीत पेशी वाढवितो, आणि ही वाढ साक्षीच्या बाटलीला ठाऊक नसते.

जेम्स हेनी यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेल्या रीतीचा मला म्हणूनच मोठा आदर वाटतो. तळ्यात हव्या त्या खोलीवर पेटी सोडावी, ती मिटताच किरणोत्सर्गी खूण केलेले अन्न आत मिसळावे आणि खाल्लेले बाहेर पडण्यापूर्वी, काही मिनिटांतच, जीव वर काढावे. कैद इतकी थोडी की त्यांचा स्वभाव पालटू नये. जीव टिकवून ठेवण्याची तजवीजही त्यांनी हॉल यांच्यासह सुचविली: लिटरला 40 ग्रॅम साखर घातलेले फॉर्मेलीन. नुसत्या फॉर्मेलीनमध्ये डॅफ्नियाचे कवच फुगते आणि अंडी बाहेर सांडतात, मग वहीत नोंदवावयाचे काय?

कोल्हापुरात रंकाळ्यावर मायक्रोसिस्टिसचा हिरवा तवंग आला की माझे आकडे खाली येतात. त्या शैवालाचे चिकट पुंजके जाळीच्या खाचेत अडकतात आणि ते उपसून टाकण्यासाठी डॅफ्निया शेपटाकडची नखी पुनःपुन्हा आत घालते. त्या झटापटीत पोटात जावयाचे अन्नही बाहेर फेकले जाते. असे मिनिटात किती वेळा घडते, ते मी काचेखाली मोजून आकड्याशेजारी लिहून ठेवतो, कारण त्यावाचून नुसता आकडा वाचणाऱ्याला डॅफ्नियाला भूकच नव्हती असे वाटेल.

पुढच्या खेपेस पाणी रात्री घेणार आहे, कारण पुष्कळ तळ्यांत हे जीव अंधार पडल्यावर वर येतात व अधिक खातात. संध्यामठाजवळच्या काठावर चार बाटल्या धुऊन तयार आहेत. दोन जिवांसाठी आणि दोन साक्षीच्या.